मदत हवी आहे : पाय लांबवताना पोटरीचं ऑपरेशन
नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. भाच्याचा डावा पाय लहानपणच्या फ्रॅक्चरनंतर आखूड राहिला, म्हणून नडगीला इलिझारोव्ह रिंग (हाड हळूहळू लांबवणारी, पायाभोवती बाहेरून बसवलेली चौकट) बसवली आहे. रोज 1 मिमी, पाव-पाव करून चार वेळा नट फिरवायचा. हाड नीट वाढतंय, पण पोटरी त्या वेगानं ताणली जात नाही. टाच टेकेना, पाऊल खाली झुकायला लागलंय. गुडघा वाकवला की पाऊल बऱ्यापैकी वर येतं, पाय सरळ केला की अडतं. डॉक्टर म्हणतात, म्हणजे घट्टपणा गॅस्ट्रोक्नेमियस स्नायूत (गुडघ्याच्या वरून सुरू होणाऱ्या पोटरीच्या स्नायूत) आहे. तेवढाच सैल करू, टाचेमागच्या अकिलीस टेंडनला हात लावायला नको. मला पटतं. पण ताई घाबरली आहे, आणि शेजारी 'मालिश करो, भिया' सांगून मोकळे!

ज्यांच्याकडे हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया सांगा, चवड्यावर उभं राहण्याची ताकद परत यायला किती वेळ लागला? रात्री पाऊल वर धरणारा पट्टा रिंगलाच बांधला होता का? लांबवण्याचा वेग कमी करून नुसत्या फिजिओवर कुणाचं भागलं का? इंदूरमध्ये घरी येणारा, रिंगवाल्या पेशंटची सवय असलेला फिजिओ माहीत असेल तर नक्की कळवा.