रॉ फोटो एडिट केल्यावर पैठणीचा रंग फोनवर बदलतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दीड महिना झाला याच एका गोष्टीत अडकलेय, कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

आम्ही येवल्याचे. मामाकडे दोन माग आहेत, मामा-मामी पैठण्या विणतात आणि फोटो काढणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, कुरियर करणं हे सगळं माझ्याकडे. आधी मोबाईलवर भागत होतं, आता निकॉनचा सेकंडहँड डीएसएलआर घेतलाय आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) शूट करते कारण जेपेग या नेहमीच्या फोटो फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा यातल्या एका चॅनलला २५६ पायऱ्या मिळतात आणि १४ बिट रॉमध्ये १६,३८४, म्हणजे रंग नंतर नीट सुधारता येतो असं वाचलं होतं. एडिटिंग डार्कटेबल या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज लॅपटॉपवर.

तर राणी कलरची साडी, हिरवे काठ. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतो, डार्कटेबलमध्ये उघडला की फिका. ते एक वेळ समजतं, मागे दिसतो तो कॅमेऱ्याने बनवलेला जेपेग असतो. मग मी साडी शेजारी ठेवून तासभर रंग जुळवते, अगदी जुळतो, एक्स्पोर्ट करून आमच्या पेजवर टाकते आणि फोनवर बघते तर धुवून धुवून विटल्यासारखा. जांभळ्या साडीचं वेगळंच, ती सरळ निळी दिसते.

मागच्या महिन्यात दोन साड्या परत आल्या. एका ताईंनी मुलीच्या साखरपुड्यासाठी जांभळी मागवली होती, त्यांचा मेसेज आला की फोटोत वेगळी होती हो, आणि त्यांचं काही चुकलं असं मला म्हणताच येत नाही. मामीने ती साडी उलगडली, पदरावरून हात फिरवला, परत घडी घातली, बोलली काहीच नाही. त्या साडीला महिन्याच्या वर लागला होता. फोटोमुळे ती परत यावी हे मला खरंच सहन होत नाहीये.

अजून एक, राणी भाग झूम केला की धागाच दिसत नाही, नुसता सपाट डाग. हिस्टोग्राममध्ये (रंगांच्या उजेडाचा आलेख) लाल उजव्या, म्हणजे सगळ्यात उजळ बाजूच्या भिंतीला चिकटलेला, हिरवा-निळा मधेच. एक्स्पोजर उतरवलं की धागा येतो पण काठ काळपट पडतात.

सेटिंग सांगते. कॅमेऱ्यात कलर स्पेस (फोटोत कुठले रंग बसतील तो संच) अॅडोबी आरजीबी, एक्स्पोर्टलाही तेच, कारण त्यात जास्त रंग बसतात असं एका व्हिडिओत होतं. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटो सुधारणारी सेटिंग) ऑटो. उजेड खिडकीचा आणि वर एलईडी ट्यूब. एडिटिंग रात्री, सगळ्यांची जेवणं झाल्यावर. नक्की कुठे चुकतंय, आणि कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) घ्यावाच लागेल का, तो फार महाग आहे.

प्रतिसाद १:
ताई, फाइलींच्या नावात डीएससीच्या आधी अंडरस्कोर आहे का बघा, कॅमेरा अॅडोबी आरजीबीवर असला की तसं नाव पडतं. पण ती सेटिंग जेपेगपुरती, रॉला तिने फरक पडत नाही. घोळ एक्स्पोर्टमध्ये आहे. वाटेत प्रोफाइल (आकडे कुठल्या कलर स्पेसचे ते सांगणारी फाइलीतली नोंद) गळलं की फोन तेच आकडे एसआरजीबी, म्हणजे फोन-वेबवरची नेहमीची लहान कलर स्पेस, समजून वाचतो आणि रंग विटका दिसतो. एक्स्पोर्ट एसआरजीबीमध्ये करा. जांभळ्याचं म्हणाल तर रात्री विंडोजचं नाइट लाइट चालू असतं का? स्क्रीन पिवळी झाली की माणूस नकळत निळं वाढवत जातो.

लालसाठी डार्कटेबलमधला रॉ ओव्हरएक्स्पोजचा इंडिकेटर लावा, रॉमध्येच जास्त उजेडाने तपशील गेलाय का ते तो दाखवतो. तिथे काही दिसलं नाही तर धागा रॉमध्ये शाबूत आहे, फक्त रंग एसआरजीबीत मावत नाहीये. मग गॅमट चेक (न मावणारे रंग दाखवणारी खूण) लावून त्या रंगाचंच सॅच्युरेशन थोडं थोडं उतरवा, अख्ख्या फोटोचं नको. आणि लॅपटॉपच्या स्क्रीनला ४५ टक्के एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं एक माप) लिहिलं असेल तर एसआरजीबीचे साधारण ६० टक्केच रंग तिथे दिसतात, कॅलिब्रेटर लावूनही उरलेले येणार नाहीत, त्यामुळे त्याची घाई करू नका.

प्रतिसाद २:
जांभळी धूपछाव आहे का? ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, तर कोन बदलला की रंग बदलणारच, त्याला कुठलंच प्रोफाइल काही करू शकत नाही. दोन कोनांतून दोन फोटो टाका, घडी मोडतानाचा छोटा व्हिडिओही टाका. आणि ट्यूब बंद करून फक्त खिडकीच्या उजेडात काढा, दोन उजेड मिसळले की एका व्हाइट बॅलन्सने दोन्ही सुधारत नाहीत.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी):
खूप खूप आभार दोघांचे. अंडरस्कोर आहे, सगळ्या फाइलींना! नाइट लाइट संध्याकाळी आपोआप चालू होत होतं, मला पत्ताच नव्हता. बंद करून राणीचा फोटो पुन्हा एडिट केला, एसआरजीबीत काढला, मामीच्या फोनवर साडीशेजारी धरला, ती म्हणाली आता आपली साडी दिसते. इंडिकेटरमध्ये काहीच आलं नाही, म्हणजे धागा आहे. जांभळी धूपछावच आहे, ताणा निळा, बाणा राणी. उद्या सकाळी खिडकीत परत काढते. ग्रे कार्ड (व्हाइट बॅलन्स जुळवायचं करडं कार्ड) मिळेपर्यंत व्हाइट बॅलन्सला पांढरा झेरॉक्सचा कागद चालेल का?

प्रतिसाद १:
कागद नको, त्यात पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं, खिडकीच्या उजेडात तो निळसर येतो आणि त्यावर बॅलन्स केला की साडी पिवळट होईल. दोन दिवस थांबा, ग्रे कार्डच मागवा. ते साडीच्या अगदी शेजारी, त्याच उजेडात ठेवून एक फोटो घ्यायचा आणि तोच व्हाइट बॅलन्स त्या वेळच्या सगळ्या फोटोंना लावायचा.