अनुभव धागा: काही होत नाहीये, मग तपासायचं कशाला?

गेल्या महिन्यात सासूबाईंना कॅन्सर तपासणीच्या शिबिराला न्यायला निघाले. चप्पल घालता घालता त्या थांबल्या. "दुखत-खुपत नसताना डॉक्टरकडे जायचं म्हणजे दुखण्याला आवतण." आणि परत जाऊन डाळ निवडत बसल्या. बाई रोज पेपर अथपासून इतिपर्यंत वाचतात, त्यामुळे 'अडाणीपणा' म्हणून सोडून देता येईना. तुमच्याकडे काय घडलं? सल्ले नकोत, अनुभव लिहा.

बार्शीवाली: माझं माहेर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. 1999 पासून बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं गावोगाव फिरून गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करत होती. आमच्या आळीत बोलवा उठली, की तपासायला म्हणून नेतात आणि पिशवीच काढतात! आई घरात लपली. शेजारच्या काकू जाऊन आल्या, संध्याकाळी नेहमीसारख्या भाकऱ्या थापताना दिसल्या, तेव्हा दुसऱ्या दिवशी आईसकट पाचजणी गेल्या. ती तपासणी एका मोठ्या अभ्यासाचा भाग होती, त्यात सव्वा लाखाहून जास्त बायका होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्याची चाचणी) या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे 2009 मध्ये छापून आलं. आईला त्याचा पत्ताही नाही. तिला काकूंच्या भाकऱ्या आठवतात.

आशा_सातारा: मी आशाताई आहे. व्हिनेगरसारखं औषध लावून मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवतात, एवढंच असतं. पण "पोरीचं जमतंय, आत्ता नको" हे मी किती दारांत ऐकलं! डाग निघाला तर सोयरिक मोडेल ही धास्ती. म्हणून मी कॅन्सर शब्दच काढत नाही, 'पिशवीचं तोंड बघून घेऊ' म्हणते.

निनावी: ताई, राग मानू नका, पण माझ्या आईला असंच न सांगता नेलं होतं. पुढच्या तपासणीचा कागद हातात पडल्यावर तिला कळलं. निघालं काहीच नाही, पण त्यानंतर ती कुठल्याच शिबिराला गेली नाही.

आशा_सातारा: हं. हे डोक्यात ठेवते.

पंप_ऑपरेटर: आमचा दोस्त, गुटख्याचा गडी. 2012 ला बंदी आली, पुडी काही सुटली नाही. शिबिरात तोंड उघड म्हटलं तर तीन बोटं आत जाईनात. गालात पांढरा चट्टा. तुकडा काढून तपासू म्हटल्यावर उठून आला, "चाकू लागला की पसरतो." त्याच्या चुलत्याचं तसंच झालं म्हणे. चुलता मुळात शेवटच्या स्टेजला गेला होता, हे कोण सांगणार? आठ महिने गेले. आता अर्धा जबडा नाही. कटिंग चहा बशीत गार करून स्ट्रॉने पितो.

लेस्टरची_सून: इथे इंग्लंडमध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी शौचाच्या तपासणीचं किट पोस्टाने घरी येतं. नवरा 56 चा. तीन महिने किट बाथरूमच्या कपाटात. "शी! पोस्टाच्या पेटीत हे टाकायचं?" शेवटी मीच किटवर तारीख घालून ठेवली.

धागाकर्ती: वाचून दाखवलं सासूबाईंना. भाकऱ्यांवर हसल्या. मग हळूच, "तपासणारी बाई असते की बाप्या?" महिनाभरात हे मी विचारलंच नव्हतं. बाई आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "तुझी झालीय का?"

मी 41 ची. सरकारी तपासणी तिशीपासून आहे. नाही झाली.

मंगळवारी दोघी जातोय. आधी माझा नंबर, अशी त्यांची अट आहे.