५६ ची एफ-१००: मागचा एक्सल छोटा करायचाय आणि पुढचे डिस्क ब्रेक अडकतायत

जुनी_पिकअप
नमस्कार मंडळी, फोर्डची १९५६ ची एफ-१०० पिकअप उभी करतोय, चेसिस साफ होऊन रंगून झालीय. मागे ९ इंची फोर्ड एक्सल टाकायचाय, हाऊसिंग (एक्सलची बाहेरची नळी) मिळालंय पण ते रुंद आहे, टायर फेंडरच्या बाहेर येतायत. वेल्डिंगवाला म्हणतोय की हाऊसिंग दोन्हीकडून कापू आणि आतले चाक फिरवणारे शाफ्टपण मधून कापून जोडून देऊ, लेथवर सरळ करून. हे चालेल का?

दुसरं म्हणजे पुढे ड्रम काढून डिस्क लावलेत, मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा) मूळचाच आहे फ्लोअरखाली. गाडी थंड असताना चाकं हाताने मोकळी फिरतात पण आठ-दहा किलोमीटर गेलो की ब्रेक धरून बसतात आणि हबला हात लावता येत नाही एवढा गरम. कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारे) नवीन आहेत. दोन आठवडे डोकं खातोय यावर.

क्राऊन_पिनियन
शाफ्ट जोडू नका, अजिबात नका. एक्सल शाफ्टला वरून हार्डनिंग केलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने ते त्या जागी जातं आणि शेजारचा भाग ठिसूळ होतो, वरून कितीही गुळगुळीत दिसला तरी. या एक्सलमध्ये चाक शाफ्टच्याच टोकाला बोल्ट केलेलं असतं म्हणजे शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक ड्रमसकट बाहेर. मूळचे २८ स्प्लाइनचे (आतल्या टोकावरच्या दात्यांचे) शाफ्ट मध्ये बारीक होत जातात त्यामुळे कापून नवीन स्प्लाइन पाडायलाही बऱ्याचदा जाडी उरत नाही. नवीन शाफ्ट मापाने करून घ्या, ३१ स्प्लाइनचे घेणार असाल तर आतले साइड गिअरपण (ज्यात शाफ्टचं टोक बसतं ते) ३१ चेच लागतील हे लक्षात ठेवा.

हाऊसिंग कापायला हरकत नाही पण कोपऱ्यात उभं करून डोळ्याने सरळ बघून नाही. बेअरिंगच्या जागेतून आरपार जाड सरळ बार घालून, त्यावर टोकं बसवून मग वेल्डिंग. नळी वेल्डिंगने ओढली जातेच, आणि वाकलेल्या हाऊसिंगमध्ये बेअरिंग आणि सील टिकत नाहीत.

आणि कापायच्या आधी चाकं-टायर हातात हवेत!! टायर फुगतो, पाटे (मागच्या स्प्रिंगचे) थोडे बाजूला हलतात, ती जागा धरून मग दोन चाकांच्या बसण्याच्या जागांमधलं अंतर ठरवा. शाफ्टची लांबी हाऊसिंग पूर्ण झाल्यावरच मोजा आणि डावा उजवा वेगवेगळा मोजा, पिनियन (गिअरबॉक्सकडून ताकद आत आणणारा गिअर) मधोमध नसतो.

ब्रेक_ऑइल
तुमच्या ब्रेकचं कारण मला मास्टर सिलेंडरच वाटतंय. ड्रमच्या मास्टरमध्ये आउटलेटला एक छोटा व्हॉल्व्ह असतो, लाइनमध्ये साधारण १० पीएसआय (दाबाचं एकक) दाब कायम धरून ठेवतो. ड्रमला तो लागतो कारण शूजना स्प्रिंग मागे ओढते. डिस्कला अशी स्प्रिंग नाही, तेवढा दाबसुद्धा पॅड रोटरला टेकवून ठेवतो, मग गरम, मग ऑइल फुगतं आणि अजून घट्ट.

एक टेस्ट करा. चाकं अडकली की लगेच कॅलिपरचा ब्लीड निपल (हवा काढायचा स्क्रू) किंचित सैल करा. चाक सुटलं तर दाब अडकलाय. तसंच पुन्हा अडकल्यावर यावेळी मास्टरजवळचा पाइप सैल करून बघा, तिथे सुटलं तर दोष मास्टरचा किंवा पेडलच्या रॉडचा (रॉडला थोडी मोकळीक हवी, नाहीतर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल परतायचं भोक बंद राहतं). तिथे नाही सुटलं आणि निपलला सुटत असेल तर रबरी होज आतून बंद झालाय.

जुनी_पिकअप
दोघांनाही मनापासून धन्यवाद. टेस्ट केली, मास्टरजवळ पाइप सैल केला आणि दोन्ही चाकं लगेच सुटली. रॉडला मोकळीक आहे. मग तो व्हॉल्व्ह काढून टाकला तर बास ना? मागे सध्या ड्रमच ठेवणारे.

ब्रेक_ऑइल
नाही, बास नाही. तुमचा मास्टर फ्लोअरखाली म्हणजे कॅलिपरपेक्षा खाली आहे, व्हॉल्व्ह काढला की गाडी उभी असताना ऑइल मागे येईल आणि पहिल्यांदा पेडल दाबलं की ते खोल जाईल. पुढच्या लाइनला २ पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह लावा, मागे ड्रमला १० चा. आणि मूळचा एकच खणाचा मास्टर ठेवूच नका, एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक गेले. दोन खणांचा, डिस्क-ड्रमसाठीचा घ्या. मागच्या लाइनला अॅडजस्ट होणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्हपण (मागच्या ब्रेकचा दाब कमी करणारा) हवा, पिकअपची मागची बाजू रिकामी असताना एवढी हलकी असते की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. एअर काढायच्या आधी मास्टर टेबलावरच भरून घ्या.

क्राऊन_पिनियन
राहिलेलं सांगतो, पाटे बसायच्या पट्ट्यांना आधी फक्त टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारा. इंजिन, बॉडी, मागचा बेड सगळं वर असताना, गाडी चाकांवर उभी असताना पिनियनचा कोन मोजा. गिअरबॉक्सचा शाफ्ट मागे ३ अंश खाली असेल तर पिनियन ३ अंश वर म्हणजे दोन्ही समांतर, पण पाट्यांवर अॅक्सिलरेटर दिला की पिनियनचं नाक वर उचललं जातं म्हणून एक-दोन अंश कमीच ठेवा. मग एक्सल काढून, शाफ्ट आणि सील बाहेर ठेवून, थोडं थोडं आणि बाजू बदलत पूर्ण वेल्डिंग करा आणि बार परत आरपार घालून बघा. बार हाताने सरकत नसेल तर पुढचं काही बसवू नका.

जुनी_पिकअप
ठीक आहे, वेल्डिंगवाल्याला शाफ्टचं काम नको म्हणून सांगितलं. चाकं पुढच्या आठवड्यात येतायत, ती लावून माप घेतो आणि मगच हाऊसिंग कापायला देतो. मास्टर तोपर्यंत बदलून होईल, गाडी चालवून आलो की हबचं काय ते इथे लिहितो.