चालू स्विचमधून लाइन कार्ड कसं काढू?

प्रश्न: आमच्या कॉलेजात सिस्को कॅटॅलिस्ट ६५०९ हा नेटवर्क स्विच (कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं यंत्र) आहे. स्लॉट ३ (तिसरी खाच) मधलं ४८ पोर्टचं लाइन कार्ड, म्हणजे केबली जोडायचा सुटा भाग, बदलायचंय. परीक्षा सुरू आहेत, स्विच बंद करता येणार नाही. थेट ओढलं तर चालेल का?

उत्तर: दादा, थेट ओढू नका. आधी स्विचच्या कॉन्फिगमध्ये (सेटिंग बदलायच्या मोडमध्ये) ‘नो पॉवर एनेबल मॉड्यूल ३’ ही कमांड द्या, म्हणजे त्या कार्डाची वीज बंद होईल. ‘शो मॉड्यूल’ या कमांडने ते कार्ड बंद दिसलं की केबलींना लेबल लावून त्या काढा. मनगटाचा अँटिस्टॅटिक पट्टा (अंगातली स्थिर वीज कार्डाला लागू न देणारा) चॅसिसच्या, म्हणजे स्विचच्या सांगाड्याच्या, उघड्या धातूला जोडा. स्क्रू सैल करून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या एकदमच उघडा. कार्ड सरळ बाहेर घ्या, खालून हाताचा आधार द्या. सर्किटला बोट लागता कामा नये.

दुसरं उत्तर: नवं कार्ड लगेच बसवणार नसाल तर रिकामी खाच झाकणारी ब्लँक प्लेट लावाच, नाहीतर पंख्याची हवा भलतीकडे जाते. कार्ड बसवल्यावर वीज परत सुरू करायला ‘पॉवर एनेबल मॉड्यूल ३’ ही कमांड विसरू नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे! पट्टा आजच मागवतो.