आंब्यावरचं ‘बांडगूळ’

शनिवार

सेक्रेटरी (ए-१०१): सर्व सभासदांस नमस्कार. पावसाळ्यापूर्वीची झाडांची छाटणी सोमवारी सकाळी ८ वाजता आहे. महापालिकेची परवानगी आली आहे, प्रत ऑफिसात लावली आहे. आंब्याखालच्या गाड्या रविवारी रात्रीच हलवाव्यात. तसेच गेटजवळच्या आंब्याला कोणीतरी चिंध्या गुंडाळून बांडगूळ बांधले आहे, तेही काढले जाईल. सोसायटीच्या झाडावर असले प्रयोग करू नयेत.

नीलेश (बी-४०४): काका, ते मी बांधलंय. बांडगूळ नाहीये, आमरी आहे, म्हणजे ऑर्किड. सीतेची वेणी. आणि चिंध्या नाहीत, आईची जुनी सुती साडी आहे.

सेक्रेटरी: सुती असो की पैठणी. आंबा वाळला तर जबाबदार कोण?

मनीषा (सी-२०३): टँकर आला का?

सेक्रेटरी: ११ वाजता.

देशपांडे काका (ए-३०४): सेक्रेटरींचं बरोबर आहे. आमच्या गावच्या वाड्यातला आंबा बांडगुळानेच खाल्ला. बघता बघता निम्मं झाड वठलं.

सुलभाकाकू (बी-१०२): देशपांडे, तुमच्या आंब्यावर होतं ते खरं बांडगूळ. नीलेशचं प्रकरण वेगळं आहे. काल संध्याकाळी मी खुर्ची लावून, चष्मा लावून बघून आले. जाडसर, मधोमध पन्हळीसारखी दुमडलेली पानं, दोन्ही बाजूंना एकाआड एक. खाली पांढरट, गुबगुबीत मुळं. ही मुळं सालीला नुसती धरून बसतात, आत शिरत नाहीत. पाऊस, दव आणि सालीच्या खाचेत अडकलेला पालापाचोळा एवढ्यावर त्यांचं भागतं. आंब्याकडे राहायला जागा फक्त मागतात, चूल वेगळी. भाडं देत नाहीत एवढंच.

सुलभाकाकू: बांडगुळाचं मूळ फांदीच्या आत घुसतं आणि आंब्याने वर चढवलेलं पाणी मधल्यामधे पितं. जिथे घुसतं तिथे फांदीला गाठ येते. तशी गाठ आपल्या आंब्यावर आहेच, पण ती पार्किंगच्या बाजूला, दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर. थंडीत तिथे नारिंगी, नळीसारखी फुलं आली होती. ग्रुपवर त्याचा फोटोही आला होता, ‘आंब्याला काय सुरेख फुलं आलीत’ म्हणून. आंब्याचा मोहोर कधी नारिंगी असतो का हो?

देशपांडे काका: तो फोटो मीच टाकला होता.

मनीषा: मी त्याला हार्ट दिलं होतं 🙈

सेक्रेटरी: मग माळ्याने ते आधीच का नाही काढलं?

सुलभाकाकू: काढलं होतं की. पानं ओरबाडली, गाठ तशीच ठेवली, पुन्हा फुटलं. गाठीच्या बरंच खालून फांदीच कापावी लागते. आणि फळं धरायच्या आत. फुलटोच्या पक्षी ती फळं खातो, बी चिकट असतं, मग तो ते शेजारच्या फांदीवर पुसतो. झालं, नवीन सभासद.

कुलकर्णी आजोबा (ए-२०२): आमच्या लहानपणी झाडावर उगवलेल्या सगळ्यालाच बांडगूळ म्हणत.

सुलभाकाकू: म्हणत खरं. ‘वंदा’ हा संस्कृत शब्दही असाच झाडावर वाढणाऱ्या रोपांसाठी होता. त्यावरूनच आमरीच्या एका गटाला व्हँडा नाव पडलं.

नीलेश: आता रोप कुठून आलं तेही सांगतो, नाहीतर चोरीचा आळ यायचा. आजऱ्याला मामाच्या परसात फणस आहे. वळवाच्या पावसात त्याची मोठी फांदी मोडली. ती जळणाला जाणार होती. तिच्यावर वेणीची तीन रोपं होती. दोन मामाने फणसावरच परत बांधली, एक मला दिलं. यंदाचा तुरा पडताना मोडला, बसमध्ये वास मात्र पुण्यापर्यंत आला.

रोहन (डी-५०१): भारी! उद्या ताम्हिणीला चाललोय. तिथे झाडांवर खूप असतात. सगळ्यांसाठी तीन-चार आणू का?

सुलभाकाकू: अजिबात नाही. राखीव जंगलातून काहीही उचलणं गुन्हा आहे, ते एक. दुसरं, ‘खूप’ दिसतात म्हणून सोपं समजू नकोस. एका शेंगेत धुळीसारखं हजारो बी असतं, पण त्यात साठवलेलं अन्नच नसतं. ठरावीक बुरशी भेटली तरच रुजतं, आणि मग फुलायला कित्येक वर्षं. तू ओढून काढणार, मुळं तुटणार, तीनातलं एक जगलं तर जगणार. हवंच असेल तर रोपवाटिकेत वाढवलेलं घे. ताम्हिणीत मान वर करून बघ, फोटो काढ, ये.

*रोहनने हा मेसेज डिलीट केला*

बोरा वहिनी (सी-५०२): सीतेची वेणी म्हणजे पांढऱ्या-जांभळ्या ठिपक्यांची, खाली लोंबणारी का? ते तर आमचं कपौ फूल! आसामचं राज्यफूल आहे. बोहाग बिहूला नाचताना अंबाड्यात माळतात. गुवाहाटी सोडल्यापासून पाहिलं नाही. प्लीज कापू नका 🙏

सेक्रेटरी: ठीक आहे. ती फांदी यादीतून काढतो. पार्किंगकडची गाठवाली घालतो. सुलभाताई, सोमवारी ८ ला खाली याल का? ठेकेदाराच्या माणसांना दाखवायला हवं.

सुलभाकाकू: येते. नीलेश, गाठी जरा सैल कर, आणि मुळं साडीखाली गाडू नकोस, वारा लागू दे. पाऊस सुरू होईपर्यंत सकाळ-संध्याकाळ पाण्याचा फवारा. कोरडं मूळ पांढरं, भिजलं की हिरवट, यावरून पाण्याचा अंदाज घे. बुंध्याला शेणखत लावू नकोस, कालच कोणीतरी तसं सुचवत होतं.

देशपांडे काका: तेही मीच.

सोमवार

सेक्रेटरी: छाटणी झाली. गाठवाली फांदी काढली. ‘वेणी’ सुरक्षित. गाडी क्र. ३४४२ कोणाची? आंब्याखालून हलवली नव्हती, आता पाल्याखाली आहे.

जुलै, रविवार

नीलेश: एक बातमी. आज साडीची पट्टी सोडली. रोप हललं नाही! दोन नवीन मुळं आलीत, टोकं पोपटी, सालीच्या भेगेत अगदी चपटी होऊन बसलीत. नखाने उचलून पाहिलं, सुटत नाहीत.

सुलभाकाकू: उचलून कशाला बघायचं ते?

बोरा वहिनी: फूल कधी येणार?

सुलभाकाकू: जागा बदललीय, एखादं वर्ष रुसेल. आलंच तर मे-जूनमध्ये.

बोरा वहिनी: आलं तर पहिला तुरा माझ्या अंबाड्याला. आत्ताच सांगून ठेवते.

सेक्रेटरी: सोसायटीच्या बागेतली फुले तोडू नयेत, असा फेब्रुवारीच्या सभेत ठराव झाला आहे.

बोरा वहिनी: पूजेला सगळे जास्वंद तोडतात ते?

देशपांडे काका: मी फक्त खाली पडलेली उचलतो.

मनीषा: काका, जास्वंद खाली पडेपर्यंत कोमेजलेली असते.