ऊसतोड टोळीतील मुलांच्या कामावर संशोधन कसे करावे आणि तोच विषय वर्गात कसा शिकवावा?

प्रश्न : समाजशास्त्राची अध्यापिका, बीड जिल्हा

मी एका महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला समाजशास्त्र शिकवते. यंदा मानवी हक्कांचा पेपर आणि द्वितीय वर्षाचे संशोधन प्रकल्प ही दोन्ही कामे माझ्याकडे आहेत. चार विद्यार्थ्यांनी ऊसतोड टोळ्यांतील मुलांचा विषय घेतला असून त्यांपैकी एकाची प्रश्नावली तपासताना मी अडले. त्याचा पहिलाच प्रश्न होता, ‘आपला पाल्य मजुरी करतो का?’ चाचणी म्हणून त्याने तो आपल्याच तांड्यावरच्या अकरा पालकांना विचारला आणि अकराही जणांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. कोणी खोटे बोलले असे त्याला वाटत नाही आणि मलाही वाटत नाही. उचल, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून (मुकादमाकडून) हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या नावावर असते, हिशोबात एक कोयता म्हणजे एक जोडपे, मुलाच्या नावावर एक रुपयाही लागत नाही. मग ते मूल मजूर ठरणार तरी कसे? परंतु त्याच प्रश्नावलीच्या शेवटी, ‘इतर माहिती’च्या मोकळ्या जागेत, एका आईचे वाक्य त्याने जसेच्या तसे उतरवून घेतले आहे : ‘थोरली लेकरू धरती म्हणून तर माझा कोयता चालतो.’ ती थोरली नऊ वर्षांची आहे.

दुसरी अडचण अध्यापनाची आहे आणि ती मला अधिक बोचते. राज्यघटनेचे कलम २४ शिकवत असताना दुसऱ्या बाकावरील एका मुलीने मान खाली घातली आणि पुढचे दोन दिवस ती वर्गात आलीच नाही. नंतर तिने मला एकटीला गाठून सांगितले, ‘मॅडम, तुम्ही त्या दिवशी माझ्या आईबापाला गुन्हेगार म्हणालात.’ मी तसे काही म्हटले नव्हते, पण माझ्या मांडणीतून तिला तेच ऐकू आले, याची जबाबदारी माझी आहे. माझ्या वर्गातील निम्मी मुले कारखान्यावर जाऊन आलेल्या घरांतली आहेत. त्यांच्यासमोर हा विषय कसा मांडावा, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १ : विधी विषयाचा अध्यापक, छत्रपती संभाजीनगर

मॅडम, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे अर्धे उत्तर त्यातच आहे. कलम २४ कलम २३ च्या आधी शिकवू नये, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. कलम २४ मध्ये १४ वर्षांखालील मुलाला कारखान्यात, खाणीत किंवा अन्य धोक्याच्या कामावर ठेवण्यास मनाई आहे; ते वाचले की विद्यार्थ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, मुलाला कामावर नेले कोणी, आणि ग्रामीण वर्गात त्याचे उत्तर आईबाप असेच निघते. कलम २३ मात्र वेठबिगारीविषयी आहे. १९८२ साली पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स विरुद्ध भारत सरकार या खटल्यात, म्हणजे एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हीदेखील सक्तीची मजुरी असू शकते, कारण भूक आणि दारिद्र्य हीसुद्धा एक सक्तीच आहे. हा निकाल आणि १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा यांच्यासमोर उचल, मुकादम आणि हंगामाअखेरचा हिशोब ठेवून पाहिला, की वर्गाची नजर आईबापावरून उठून त्या व्यवहारावर जाते. त्यानंतर कलम २४ वर यावे.

त्याच्या जोडीला १९९६ चा एम. सी. मेहता विरुद्ध तमिळनाडू राज्य हा शिवकाशीच्या काडेपेटी उद्योगासंबंधीचा निकाल घ्यावा. मुलाला कामावर ठेवणाऱ्याने प्रत्येक मुलामागे २०,००० रुपये भरावेत, असे न्यायालयाने सांगितले, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु त्या मुलाच्या घरातील एका प्रौढ व्यक्तीला काम मिळावे, आणि ते देणे शक्य नसेल तर शासनाने आपल्या वाट्याचे ५,००० रुपये जमा करावेत, हा त्याच निकालाचा भाग वर्गात क्वचितच वाचला जातो. मुलाचे काम आणि मोठ्यांची मजुरी या दोन्हींचा एकत्र विचार तेथे न्यायालयानेच केला आहे.

आता कायद्यातील कळीची जागा. १९८६ च्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती होऊन १४ वर्षांखालील मुलांना सर्वच व्यवसायांत कामावर ठेवण्यास बंदी आली आणि १४ ते १८ या वयाच्या किशोरांना धोक्याच्या कामांत बंदी आली. मात्र शाळा सुटल्यानंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला अथवा कौटुंबिक उद्योगाला मदत करण्याची सवलत ठेवली गेली आणि त्यासाठी ‘कुटुंब’ या शब्दात आईवडील व भावंडांबरोबर काका, आत्या, मामा, मावशीही धरले गेले. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत अशी मदतही घेता येत नाही, असे नियम सांगतात. ऊस कारखान्याचा, उचल मुकादमाची, फड (तोडणी चालते ते उसाचे शेत) शेतकऱ्याचा. अशा वेळी नवरा-बायकोचा कोयता हा ‘कौटुंबिक उद्योग’ म्हणता येईल का, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांना दोन गटांत वाटून युक्तिवादासाठी देतो. पालकांना पहिल्या अपराधाबद्दल शिक्षा नाही, ही तरतूदही आपण त्या मुलीला अवश्य दाखवावी.

उत्तर २ : समाजकार्याचा निवृत्त प्राध्यापक, नांदेड

सरांनी कायद्याची बाजू नेमकी मांडली आहे. मी संशोधनापुरते लिहितो आणि थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

आपल्या विद्यार्थ्याची प्रश्नावली चुकली नसून तिने आपले काम चोख केले आहे : मजुरीचे एकक जोडपे असेल, तर मुलाचे काम त्या एककाच्या पोटात दडते, हे तिने दाखवून दिले. कापूस वेचणीतही हेच होते. वजन किलोवर होते, मुलाने वेचलेला कापूस आईच्या गाठोड्यात जातो आणि काट्यावर फक्त आईचे नाव येते. म्हणून ‘मजुरी करतो का’ हे विचारायचेच नाही. संपूर्ण दिवस विचारायचा. पहाटे आईबाप फडात गेल्यावर लेकरू कोणाकडे होते, पाणी कोणी आणले, वाढे (चाऱ्याचे हिरवे उसाचे शेंडे) कोणी बांधले, मोळ्या उचलताना हाताखाली कोण होते, रात्री गाडी भरायला आली तेव्हा कोण जागे होते. घड्याळाची वेळ विचारू नये, घटना विचारावी. वेळ आपल्याला नंतर लावता येते. एक कामाचा दिवस आणि एक खाड्याचा दिवस असे दोन दिवस प्रत्येक घराचे घेतले, तरी पदव्युत्तर प्रकल्पाला भरपूर सामग्री मिळते.

दुसरी गोष्ट व्याख्येची. आपल्या जनगणनेत धाकट्या भावंडाला सांभाळणे हे घरकाम मानले जाते आणि घरकाम करणारा ‘काम करणारा’ ठरत नाही. श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००८ साली बालमजुरीच्या आकडेवारीविषयी जो ठराव केला, त्यात मात्र लांब तासांचे किंवा धोक्याचे बिनमोबदला घरकामही मोजण्याची वाट मोकळी ठेवली आहे. आपल्या विद्यार्थ्याने दोन्ही व्याख्यांनी तीच घरे मोजावीत आणि दोन आकडे शेजारी ठेवावेत. त्या दोन आकड्यांमधील अंतर हाच त्याचा निष्कर्ष होईल.

जुनी आकडेवारी वापरताना तारखा पाहाव्यात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ५ ते १४ वयोगटातील काम करणारी मुले सुमारे १ कोटी १ लाख होती. ती गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे नेमके बीडच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर असताना. त्यामुळे बीड जिल्ह्याचा तक्ता पाहून ‘येथे बालमजुरी इतकीच आहे’ असे लिहिणे धाडसाचे होईल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि युनिसेफ यांच्या २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजाप्रमाणे २०२४ साली जगात १३ कोटी ८० लाख बालमजूर होते आणि त्यांतील ६१ टक्के शेतीक्षेत्रात होते. आपला प्रश्न त्या मोठ्या चित्राशी जोडण्यासाठी हा एक आकडा पुरेसा आहे.

तिसरी गोष्ट मी विद्यार्थ्यांना फडात पाठवण्याआधी दोन तास घेऊन सांगत असे. मुकादमाच्या मध्यस्थीने घेतलेली संमती ही संमती नव्हे, कारण ज्याची उचल अंगावर आहे त्याला नाही म्हणता येत नाही. आईवडिलांची परवानगी मिळाल्यावरही मुलाचा होकार वेगळा घ्यावा लागतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत सातव्या वर्षापासून मुलाचा स्वतःचा होकार अपेक्षित आहे. मूल मान वळवून निघून गेले, तर तो नकार समजावा. टोळीचे, कारखान्याचे आणि गावाचे नाव एकत्र लिहू नये, कारण त्या तिघांवरून मूल ओळखू येते. आणि बोलता बोलता लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणे बंधनकारक आहे. ‘तू सांगशील ते गुप्तच राहील’ असे वचन विद्यार्थ्याने मुलाला देऊ नये. १०९८ हा क्रमांक त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर असावा. ही बालकांची हेल्पलाईन १९९६ साली मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा प्रायोगिक प्रकल्प म्हणून सुरू झाली होती. विद्यापीठातील विभागाने मनावर घेतले तर काय उभे राहते, हे मी प्रत्येक तुकडीला आवर्जून सांगत आलो आहे.

उत्तर ३ : जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, धाराशिव जिल्हा

दोन्ही सरांचे लिहिणे वाचले. मी स्वतः सहा हंगाम आईवडिलांबरोबर कारखान्यावर गेले आहे, म्हणून थोडे लिहिण्याचे धाडस करते.

कोपीत, म्हणजे टोळीच्या तळावरच्या झोपडीत, सकाळ होते तेव्हा आई गेलेली असते. चुलीत निखारा असतो, भाकरी फडक्यात बांधलेली असते आणि लहान भाऊ आपल्या अंगाला चिकटून झोपलेला असतो. तो उठण्याआधी पाण्याला जाऊन यायचे असते, कारण उठला की तो खाली बसत नाही. मला तेव्हा कोणी ‘तू काम करतेस का’ असे विचारले असते, तर मीही ‘नाही’ म्हटले असते, ‘घरीच असते’ असे सांगितले असते. प्राध्यापक सरांच्या प्रश्नांत मी एक भर सुचवते : मुलीला विचारावे की भाऊ झोपल्यावर तू काय करतेस. त्या वेळेत आम्ही वाढ्यांच्या पेंढ्या मोजायचो, आणि वाढे विकून आलेल्या पैशांत मीठ-मिरची भागायची. म्हणजे पैसा येत होता, फक्त तो कोणाच्या हिशोबात लिहिला जात नव्हता.

नियमांविषयी एक शंका विधी विषयाच्या सरांना विचारावीशी वाटते. मूल सलग ३० दिवस न कळवता गैरहजर राहिले, तर मुख्याध्यापकांनी नोडल अधिकाऱ्याला कळवावे, असा नियम आहे. मी पूर्वी ज्या शाळेत होते तेथे दिवाळीनंतर वर्ग अर्धा होत असे आणि हजेरीपटावर मात्र सगळे हजर दिसत. पट कमी झाला तर शिक्षक अतिरिक्त ठरतील, ही भीती त्यामागे होती. पटावर मूल हजरच दिसत असेल, तर हा नियम लागू व्हायचा तरी कसा? संशोधन करणाऱ्याने हजेरीपटाची प्रत घेऊन समाधान मानू नये. वर्गात जाऊन बाके मोजावीत, आणि जी मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीआजोबांजवळ मागे राहिली आहेत, त्यांच्याशीही बोलावे. मागे राहिलेल्या मुलीला घरचे सगळे पाहावे लागते आणि तिची नोंद कोणीच घेत नाही.

आपल्या दुसऱ्या बाकावरच्या मुलीला माझा निरोप द्यावा. तिला उत्तरदाती करू नका, प्रश्नावली तयार करणाऱ्या गटात घ्या.

पुन्हा प्रश्नकर्ती

आपणा तिघांची मी मनापासून ऋणी आहे. कालच्या तासाला कलम २३ पासून सुरुवात केली आणि उचलीचा हिशोब फळ्यावर मांडायला त्या मुलीलाच बोलावले. ती आधी तयार नव्हती. मग उठली आणि ‘अर्धा कोयता’ म्हणजे जोडप्याऐवजी एकटा मजूर, हे तिने शहरातून येणाऱ्या चौघांना समजावून सांगितले. ती आता प्रश्नावलीच्या गटात आहे. पहिला प्रश्न तिच्याच सांगण्यावरून बदलला आहे : ‘काल पहाटे तुम्ही फडात गेल्यावर लेकरू कोणी धरले?’

शिक्षिका मॅडमनी हजेरीपटाविषयी विचारलेल्या शंकेवर विधी विषयाच्या सरांनी अवश्य लिहावे, कारण हा विषय घेतलेल्या चौघांपैकी एका विद्यार्थ्याचा प्रकल्प आता तेवढ्यावरच करावा असे ठरते आहे. पट्टा पडायला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायला, फार दिवस उरलेले नाहीत. फडातील मुलाखती त्याआधी व्हाव्यात अशी खटपट चालू आहे.