फिक्या रंगाची बारोलो

बारोलो या इटालियन रेड वाइनचा रंग फिका निघाला आणि पहिल्याच घोटात तोंड कोरडं पडलं, म्हणजे बाटली खराब होती का, असं एकाने विचारलंय. मला नाही तसं वाटत. नेबिओलो द्राक्षाची वाइन अशीच असते. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरून बघा, कडेला विटेसारखी नारिंगी झाक दिसेल. रंग बघून हलकी समजावी आणि मोठा घोट घ्यावा, की टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरट घटक) हिसका दाखवतं. भरपूर जांभळं खाल्ल्यावर जीभ टाळूला चिकटते ना, तसंच.

दोष असला तर वास सांगतो: ओल्या पुठ्ठ्यासारखा, कुबट. गुलाब आणि डांबर एकत्र आले तर बाटली ठणठणीत आहे. (हो, डांबर. ही तारीफच आहे!)

नियमाने बारोलो किमान 38 महिने मुरवतात, त्यातले 18 लाकडात. तरी नवी बाटली आडमुठीच. नुसतं बूच काढून भागत नाही, त्या अरुंद गळ्यातून हवा जाणार किती? रुंद काचेच्या भांड्यात ओतून तास-दोन तास ठेवा. जुनी असेल तर आदल्या दिवशी उभी करून गाळ बसू द्या.

आणि रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला प्यावी म्हणतात, ते म्हणजे पुण्यातला मे महिना नव्हे! 16 ते 18 अंश हवं, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवली तर काही बिघडत नाही. बारोलोच्या मुलखात, इटलीतल्या पिएमाँतेत, ती ब्रासातोसोबत घेतात, म्हणजे बारोलोतच तासन् तास शिजवलेलं बीफ. मुरलेलं चीजही चालेल. झणझणीत रस्सा मात्र नको, तिखटाने तुरटपणा आणखी चढतो.